खराट्याशेजारची फुगरबाई

बाहुली ही विकायची वस्तू आहे, असं माझं मत आहे; आणि या मतापायी आमच्याकडे सहा महिने झाले एक स्टीलचा डबा उघडलेला नाही.

जळगावात आमचं दुकान आहे. बादल्या, खराटे, पायपुसणी, डांबरगोळ्या, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. लोकांना जे लागतं ते आम्ही ठेवतो. जे कुणालाच लागत नाही ते ठेवायचं काम माझ्या थोरल्या नणंदेकडे आहे. शालूअक्का. धुळ्याला देवपुरात राहतात, शाळेतून निवृत्त झाल्या आणि बाहुल्या जमवायला लागल्या.

साध्यासुध्या बाहुल्या नव्हेत. वीतभर उंचीच्या, रबरी, मांजरासारखे कान, आणि गाल असे फुगलेले की आत्ताच दाढ काढून दवाखान्यातून बाहेर पडल्यात! नाव काहीतरी परदेशी आहे, ते माझ्या जिभेवर बसत नाही. मी त्यांना फुगरबाई म्हणते. (अक्कांसमोर म्हणत नव्हते. आता म्हणते.)

फुगरबाई बंद खोक्यात येते. आत कुठली निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. रडकी, झोपाळू, चष्मेवाली अशा सहा साध्या, आणि सातवी सोनेरी मुकुटवाली. ही क्वचित कुणाच्या तरी खोक्यात निघते. अक्कांच्या मुलाने परदेशातून पहिली पाठवली, मग अक्का फोनवरच्या कुठल्याशा बाहुलीवाल्या ग्रुपात शिरल्या, आणि बघता बघता दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटातून भाऊजींच्या बक्षिसाच्या ढाली माळ्यावर गेल्या. अख्ख्या धुळ्यात फुगरबाई फक्त अक्कांकडे! फक्त मुकुटवाली काही मिळत नव्हती. दोन वर्षं त्या तिची वाट बघत होत्या. एवढी वाट त्यांनी सुनेचीसुद्धा बघितली नव्हती.

त्यांच्याकडे गेलं की आधी कपाटाचं दर्शन.

"हात धुतलेस?"

"अक्का, मी लांबूनच बघते ना."

"लांबून बघ, पण श्वास तिकडे सोड. काच धुरकटते."

मागच्या भाद्रपदात आमच्या होलसेलवाल्याने बादल्यांच्या मालाबरोबर एक पुठ्ठ्याचा बॉक्स उतरवला. "वहिनी, ठेवून तर बघा. पोरं वेडी झालीत याच्यासाठी." उघडला, तर आत चोवीस फुगरबाया! मी काही भावुक वगैरे झाले नाही. खराटे आणि डांबरगोळ्या यांच्यामध्ये एक फळी मोकळी होती, तिथे लावून टाकल्या.

एवढ्यावर थांबलं असतं. पण आमच्या ह्यांना हल्ली धंदा वाढवायची उमेद आली आहे. ह्यांनी फळीचा फोटो काढून फोनच्या स्टेटसला टाकला. खाली मजकूर: "आमच्याकडे अस्सल परदेशी बाहुल्या मिळतील. तसेच खराटे, पोछे व संडास ब्रश."

तो फोटो कुणी कुणाला पाठवला देव जाणे, पण संध्याकाळपर्यंत तो अक्कांच्या ग्रुपात पोचला. पुण्याच्या एका बाईंनी तिथे विचारलं म्हणे, "शालिनीताई, तुमच्या त्या दुर्मीळ बाहुलीवर संडास ब्रश फ्री आहे का?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने अक्का दुकानात हजर!

"सुनंदा! काढ त्या तिथून!"

"का? ऊन लागतंय का त्यांना?"

"थट्टा नको. मी ही एकेक बाहुली महिनोन्महिने वाट बघून मिळवली आहे. आणि तू ती खराट्याशेजारी ठेवतेस? जी वस्तू कुणीही उठून घेऊ शकतो, तिच्यात राहिलं काय?"

"बाहुली राहिली की!"

तेवढ्यात खराटा घ्यायला आलेल्या खेड्यावरच्या एका म्हातारीने खोक्यावरचं चित्र डोळ्याजवळ नेलं. "माय वं! हाई काय शे? हिना गाल का बरं सुजेल शेतस?" किंमत ऐकल्यावर तिने खोकं असं ठेवलं जणू चटका बसला, आणि दोन खराटे घेऊन गेली. अक्कांनी डोळे मिटून घेतले.

मी म्हटलं, "अक्का, दरवर्षी मांडायची मातीची गुलाबाई आपण कुठून आणतो? बाजारातूनच ना? हातगाडीवरच्या ढिगातून, नाक शाबूत आहे का ते बघून. घरी आणून बसवली की ती आपली होते. मुली महिनाभर तिच्यापुढे गाणी म्हणतात. शेजारणीकडेही तशीच आहे म्हणून आपलीचं काय घटतं?"

"गुलाबाई महिन्याने पाण्यात शिरवतो आपण! ती निघून जाते म्हणून तिची ओढ असते. तू ह्या बारा महिने टांगून ठेवणार, त्या पायपुसण्यासारख्या!"

हे त्या बरोबर बोलल्या असाव्यात. समोरचा बरोबर बोलला की मी आवाज चढवते. "दुकान माझं, फळी माझी!"

अक्कांनी पर्स उघडली. म्हणाल्या, "चोवीसच्या चोवीस दे. मी घेते. जळगावात एक राहता कामा नये."

कुठलाही शहाणा दुकानदार इथे हात जोडतो. मी म्हटलं, "एका गिऱ्हाइकाला एकच!" (हा नियम त्याच क्षणी जन्माला आला.)

"अगं, पण गिऱ्हाईक एवढं..." हे म्हणाले.

"तुम्ही स्टेटस टाका."

मग एक खोकं निवडायला अक्का फळीपुढे उभ्या राहिल्या. एक हात छातीवर, एक हात खोक्यांवरून फिरतोय. पाच मिनिटं! मागे बादलीवाली दोन गिऱ्हाइकं तिष्ठत. शेवटी कोपऱ्यातल्या खोक्यावर बोट ठेवून त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "ही. ही मला बोलावतेय."

मी खोकं पिशवीत घालायला उचललं आणि माझा हात आपोआप हलला.

या हाताबद्दल सांगायला हवं. माझे वडील वीज केंद्रात होते, मी दीपनगरच्या कॉलनीत वाढले. गुलाबाईच्या महिन्यात रोज एकीच्या घरी गाणी, आणि गाणी संपली की खाऊ ओळखायचा. झाकलेला डबा हातात देतात, तो कानाशी हलवायचा आणि आत काय ते सांगायचं. ओळखलं तर जिंकलो. नाही तर "हरले" म्हणायचं, मगच डबा उघडतात. मी त्या कॉलनीत कधी हरले नाही. "राजगिऱ्याचे लाडू, पाच, त्यातला एक फुटलाय," इथपर्यंत माझी मजल होती. बायका मला बघितलं की डब्यात खाऊबरोबर रुमाल कोंबायच्या.

तर खोकं हललं, आतून बारीक टिकटिक आली, आणि मी कॅल्क्युलेटरवर बोट ठेवता ठेवता म्हटलं, "रडकी आहे."

"काय?"

"रडकी. तिचा अश्रू सुटा असतो ना? तो वाजतोय."

अक्कांनी खोकं फोडलं. रडकी! अश्रू वेगळ्या पुडीत! दोघींची तोंडं शेजारी शेजारी आली तेव्हा कुठली कोण हे सांगणं कठीण होतं.

"सुनंदा," अक्का म्हणाल्या, "तू माझ्या आधी उघडलीस."

यावर मी काहीतरी बरं बोलायला हवं होतं. पण तेवढ्यात आमच्या गल्लीतली चौथीतली चिंगी पायरी चढून आली. वाढदिवसाचे जमलेले पैसे तिच्या मुठीत होते. "काकू, मलापण वाजवून द्या ना!"

आता गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं? मी एकेक खोकं कानाशी धरत गेले. झोपाळू. चष्मेवाली. झोपाळू. रडकी. बादलीवाली गिऱ्हाइकं बादल्या विसरली. रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या, आणि खरं सांगते, माझ्या अंगात आलं! बाराव्या खोक्यात आवाज आला, खुळ्ळ. जड, धातूचा. मी म्हटलं, "मुकुट!"

चिंगीने खोकं उघडलं. सोनेरी मुकुटवाली फुगरबाई, जळगावच्या उन्हात लखलखत!

अक्का जवळच्या उपड्या बादलीवर बसल्या. दोन वर्षं! आणि चिंगीने काय केलं, तर ती धावत घरी गेली, फुगरबाईचा मुकुट काढला आणि गुलाबाईशेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याला, गुलोजीला घातला. त्याला बरोब्बर बसला.

अक्का चहा न घेता गेल्या. आमच्या घरातून माणूस चहा न घेता जाणं ही साधी गोष्ट नाही. बारा दिवस फोन नाही. हे रोज रात्री फोनकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. "एक तिला दिली असतीस तर..." "एक दिली की!" "मुकुटवाली म्हणतोय मी." मी भांडी जोरात लावायचे.

तेराव्या दिवशी फोन आला, तोही ह्यांना. "सुनंदाला म्हणावं, रविवारी माझ्याकडे गल्लीतल्या मुलींची गुलाबाई आहे. खाऊ ओळखायला ये. ओळखलास तर लाव तुझ्या दुकानात तोरणं बाहुल्यांची, मी अवाक्षर काढणार नाही. हरलीस तर एकूण एक बाहुली परत पाठवायची आणि पुन्हा ठेवायची नाही."

मला आव्हान? खाऊ ओळखायचं? मी एसटीत बसल्यावर हसत होते.

देवपुरात गाणी झाली. वीसेक मुली, चार-पाच शेजारणी. अक्कांनी स्टीलचा डबा आणला. झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी. माझ्या हातात दिला.

मी हलवला. काही नाही.

पुन्हा हलवला. आडवा, उभा, उलटा. काही म्हणजे काही नाही! वजन होतं, पण आवाज नव्हता. चाळीस वर्षांत डबा माझ्याशी बोलला नाही असं कधी झालं नव्हतं.

"खोबऱ्याची वडी," मी म्हटलं.

"नाही."

"साटोरी. घट्ट बसवलेली."

"नाही."

"पेढे तरी! कापसात गुंडाळून!"

"नाही. आणि खाण्याचंच आहे असं मी कुठे म्हटलं?" अक्का शांतपणे म्हणाल्या, आणि सहज त्या काचेच्या कपाटाकडे बघितल्यासारखं केलं. मीही बघितलं. वरच्या रांगेत एक जागा रिकामी होती.

मी डबा पुन्हा कानाशी धरला. तरी काही नाही! काय असेल? खरंच बाहुली ठेवली असेल? कुठली? चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला आत काय आहे ते माहीत नव्हतं, आणि कबूल करायला जीव जातो, पण मजा येत होती.

"काकू, हरले म्हणा ना!" मुली ओरडायला लागल्या. "भूक लागली!"

"म्हण, सुनंदा."

मी गुलाबाईकडे बघितलं. मुलींकडे बघितलं. फळीवरच्या माझ्या फुगरबाया डोळ्यांसमोर आल्या. उठले, डबा पिशवीत घातला आणि म्हटलं, "विचार करून सांगते."

"असं कुठे असतं?"

"हरले म्हटल्याशिवाय डबा उघडत नाही, हा नियम आहे. किती दिवसांत म्हणायचं, हे नियमात नाही!"

मुलींना बिस्किटं वाटावी लागली. पण मी हरलेले नाही, त्यामुळे बाहुल्या दुकानातच आहेत, आणि छान खपतात. (आता मी वाजवून देत नाही. गिऱ्हाइकाने आपलं आपण उघडावं. ते उघडताना माणसांची तोंडं बघण्यासारखी असतात.)

डबा गल्ल्यामागच्या कपाटात आहे. काच बसवून घेतली. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तो कानाशी लावते, मग धूळ पुसते, मग गिऱ्हाइकं. कुणी विचारलं तर, "विकायचा नाही." कुणी हात लावायला गेलं तर, "हात धुतलेत?"

हे तोंड फिरवून हसतात. हसू देत.

दर रविवारी धुळ्याहून फोन येतो. "काय गं, हरलीस?" "अजिबात नाही." मग चहापाणी, सांधेदुखी, सून, सगळं बोलून होतं. इतकं आम्ही आधीच्या वीस वर्षांत बोललो नव्हतो.

आता उन्हाळा लागला. परवा कपाट उघडलं, तर गल्ल्यापासून डब्यापर्यंत मुंग्यांची सरळ रांग! चिकटपट्टीच्या एका कोपऱ्यातून आत जातायत, तोंडात पांढरा कण घेऊन बाहेर येतायत.

मी डोळे मिटून घेतले, फुंकर मारली आणि डब्याभोवती हळदीची रेघ ओढली. मी काहीही बघितलेलं नाही. रविवारी फोन आला तेव्हाही ठणकावून सांगितलं, "विचार चालू आहे!"

डब्यात काय आहे ते अक्कांना माहीत आहे, ह्यांनी त्यांना विचारून घेतलंय, आणि आता दुकानातल्या मुंगीलासुद्धा कळलंय. अख्ख्या खानदेशात माहीत नसलेली मी एकटीच उरले आहे. दुर्मीळ म्हणतात ते हेच असावं!