चौथ्या मजल्यावरचे सेक्रेटरी

मांडीवर थाप मारून ते विचारायचे, "का राव, पायांना काय धाड भरलीया?"

जिन्यात कुणी दम खायला थांबलं की हा प्रश्न ठरलेला. चिंचवडच्या आमच्या सोसायटीचे ते पहिले सेक्रेटरी. गाव राजगुरुनगरकडचं, बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर. मी तिसऱ्यावर. तेव्हा आम्ही सगळे तिशीच्या आतबाहेरचे, कंपनीतले, सेकंड शिफ्ट करूनही दोन-दोन पायऱ्या चढणारे. बिल्डरने लिफ्टसाठी सोडलेल्या जागेत यांनीच ठराव करून कॅरमची खोली काढली. "लिफ्ट काय, म्हाताऱ्यांना लागती," म्हणाले. हात वर करणाऱ्यांत मीही होतो, कबूल करतो.

मग पोरं मोठी झाली. कुणी हिंजवडीला, कुणी बंगळुरूला, कुणी पार कॅनडाला गेलं. आम्ही तिथंच राहिलो. कॅरमच्या खोलीत आता वॉकर आणि व्हीलचेअर ठेवतो. अशा इमारती तुमच्याही पाहण्यात असतील.

सेक्रेटरींचे गुडघे गेले आणि त्यांचं खाली येणं थांबलं. दोरीला पिशवी बांधून ते दूध, भाजी वर ओढून घ्यायचे. खालच्या बाकावर आम्ही बसलो की गॅलरीतून गप्पांत घुसायचे. एकदा म्हणाले, "मातीला पाय लागून वरीस झालं, राव." मला वर बघवेना.

शेवटी लिफ्टचा ठराव त्यांनीच मांडला. सभा खाली घेऊ, असं आम्ही सुचवलं.

"सेक्रेटरीबिगर सभा? न्हाई जमायचं!"

म्हणून सभा त्यांच्या घरी ठरली. वहिनींनी सगळ्यांना पुरतील एवढे पोहे केले. सोळा बिऱ्हाडांतले पाचजण पोचलो. चढून आले त्यांचं लिफ्टवाचून फारसं अडत नव्हतं. ज्यांचं अडत होतं ते खालीच राहिले. कोरम भरला नाही. सभा रद्द.

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मग म्हणाले, "पोहं तरी द्या खाली." डबे दोरीने खाली गेले.

पुढची सभा व्हायच्या आतच ते गेले. खांदा द्यायला आम्हीच चौघे उभे राहिलो, पण पहिल्याच वळणावर तिरडी खाली टेकवावी लागली. अखेर ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्यांना खाली उतरवलं.

स्मशानातून परत आलो. दुसऱ्या मजल्यावर मला दम लागला. कठडा धरून थांबलो, आणि सवयीने वर पाहिलं.

कुणी काही विचारलं नाही.