जाळीमागचा पंखा

“मागे नाही बसायचा तो. पुढून लाव.”

“मागेच बसणार.”

“अगं, जागा कुठाय? इंजिन आणि जाळीच्या मधे माझी दोन बोटं जात नाहीत, आणि तू तिथे पंखा कोंबतेस.”

“तुमची बोटं जाडी. माझी अडीच जातात.”

“अडीच. बोटं काय अर्धी असतात?”

वस्ताद खुर्चीत बसला होता आणि त्याचा डावा पाय समोरच्या स्टुलावर होता. पायाला पोटरीपर्यंत पट्टी. आतली दोन बोटं काळी पडली होती. अर्धं पाऊल काढावं लागेल, असं डॉक्टर बाईंनी कालच स्वच्छ सांगितलं होतं.

गाडीखाली उताणी पडलेल्या त्याच्या बायकोनं पाना बदलला. “पुढून लावला तर पंखा हवा ढकलतो. मागून लावला तर ओढतो. ओढणारा जास्त गार ठेवतो. हे मला कोणी शिकवलं?”

“माझीच अक्कल, आणि मलाच विकतेस.”

“फुकट देतेय. तो बारीक नट द्या इकडे.”

त्यानं नट दिला. हात लांब करताना ओठ घट्ट मिटले. तिनं ते खालून पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. सव्वीस वर्षांच्या संसारात ही एक विद्या दोघांनाही चांगली साधली होती.

गल्लीतले लोक तिला जाळीवाली म्हणायचे. गाडीच्या रेडिएटरला तिथे सगळे जाळीच म्हणत, आणि चोंदलेली, फुटलेली, गळकी जाळी दुरुस्त करणारी ती एकटीच बाई. दुकान मूळ तिच्या बापाचं. बापानं तिला झाडू मारू दिला, चहा करू दिला, पण कथिलाचा डाग द्यायच्या ज्योतीला हात लावू दिला नाही. बाईच्या हातात आग चुलीचीच बरी, हे त्याचं पालुपद. वस्ताद तेव्हा त्याच दुकानात कामाला होता. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात, सासरा दुपारचा आडवा झालेला असताना, त्यानं पेटती ज्योत तिच्या हातात दिली. म्हणाला, “धर. भाजलं तर ओरडू नकोस, तुझा बाप उठेल.” भाजलं. ती ओरडली नाही. त्या एका दुपारच्या बदल्यात तिनं या माणसाला पुढे पुष्कळ काही माफ केलं.

ही गाडीसुद्धा माफ केलेल्यांतलीच. कुणाच्या तरी आज्याच्या काळातली सेडान वस्तादनं भंगारातून ओढत आणली, छप्पर कापून बुटकं केलं, बॉनेट फेकून दिलं, मागे दांडगी चाकं बसवली. याला हॉट रॉड म्हणतात, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगे. पलीकडचा टायरवाला म्हणे, “आम्ही याला अर्धवट काम म्हणतो.” इंजिन मात्र मूळचंच, आठ सिलिंडरचं, उघडंवाघडं, एखाद्या पैलवानासारखं. अकरा वर्षं खपून त्यानं ते जिवंत केलं. देखणं दिसावं म्हणून जाळी मागे सरकवली आणि इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा जुना पंखा बसेनासा झाला. तेव्हापासून गाडी चालू केली की पाव तासात उकळायची. अंगणातून रस्त्यावर ती कधी गेलीच नाही.

आणि मग पाय. रक्तातल्या साखरेनं त्याची पावलं कधीच बधिर केली होती. उकळत्या कथिलाचा थेंब बुटात पडला आणि दोन दिवस त्याला पत्ताच नाही. मोजा काढला तेव्हा तिनं त्याला तसाच दवाखान्यात नेला.

“अर्धं पाऊल,” डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या. “या आठवड्यात. थांबलात तर हे सडणं वर चढणार, आणि मग कुठे कापायचं ते मी नाही ठरवणार, ते ठरवेल.”

वस्ताद म्हणाला, “क्लच डाव्या पायानं दाबतात, बाई. एकदा मला ती गाडी रस्त्यावर काढू द्या. अर्धा तास उभ्यानं चालली, उकळली नाही, की एक चक्कर मारतो आणि स्वतः येऊन टेबलावर झोपतो. मग काय कापायचं ते कापा.”

डॉक्टर बाईंनी तिच्याकडे पाहिलं. नाही म्हण, असं त्या डोळ्यांत होतं. पण तिला वाटलं, दोन दिवसांचं तर काम आहे. पंखा बसवला की झालं. ती म्हणाली, “मी करते दोन दिवसांत.” लेकीनं फोनवर तिला फाडून खाल्लं, “आई, तू पण ना. उचलून का नेत नाहीस त्यांना?” नव्वद किलोचा माणूस उचलायचा कसा, ते मात्र लेकीनं सांगितलं नाही.

अपघातात चेपलेल्या एका छोट्या गाडीचा चपटा विजेचा पंखा तिनं मिळवला होता. तो मागेच बसला, अडीच बोटांत, पात्यांना दोन्हीकडून नखभर जागा ठेवून. दोन वायरी जोडल्या, टेप गुंडाळली, इंजिन चालू केलं आणि जाळीपुढे वर्तमानपत्राचा कागद धरला. कागद जाळीला जाऊन चिकटला. पंखा हवा ओढत होता.

“बघा.”

“बघितलं. आज नको, बॅटरी दमलीये. रात्रभर चार्जिंगला लाव. उद्या पुरता अर्धा तास चालवू.”

मग ती त्याची औषधं आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी अठराव्या मिनिटाला तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि झाकणातून वाफ सुटली. तिचा विश्वास बसेना.

“थर्मोस्टॅट अडकतोय, पाणी सोडत नाही,” वस्ताद खुर्चीतून म्हणाला. “काढून बघ.”

तिनं काढला, नवा घातला. पुन्हा उकळली.

“ठिणगीचं टायमिंग मागे पडलंय. तापणारच.”

तिनं टायमिंग लावलं. उकळली.

“मग हेडचं गॅस्केट. जुनं इंजिन आहे, आतून गळत असेल. दोन्ही हेड उतरव.”

हेड उतरवायला आणि चढवायला चार दिवस गेले. तिच्या मनगटांना सूज आली. वस्ताद खुर्चीतून बोल्ट कुठला आधी, कुठला नंतर, ते सांगत राहिला, अगदी खुलून, जुन्या दिवसांसारखा. एकदा तर गाणं गुणगुणला. तिला वाटलं, मन रमलंय, बरं आहे. शंका तिला आलीच नाही. आजवर त्याचं निदान कधी चुकलं नव्हतं. लोक बंद गाडी ढकलत आणायचे आणि हा नुसतं हुंगून सांगायचा.

“तू काट्यावर लक्ष ठेव,” दर वेळी तो सांगे. ती काट्यापाशी उभी राही. जाळीच्या पुढे ती गेलीच नाही.

नवव्या दिवशी सकाळी पट्टी बदलायला गेले. जुनी पट्टी सोडताना डॉक्टर बाईंनी तळव्याखालचा काळा डाग बोटानं चोळला. “हे ग्रीस कसं लागलं? पाय टेकायचा नाही सांगितलंय ना?”

“गॅरेजमधेच घर आहे आमचं,” ती म्हणाली. “लागतं कुठेही.”

वस्ताद भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

मग बाईंनी तिला एकटीला बाहेर नेलं. आवाज चढवला नाही, त्यानंच ती जास्त घाबरली. “गुडघ्याच्या वर,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी. परवा मला विचारू नका.”

परत येताना टॅक्सीत त्यानं विचारलं, “काय म्हणाल्या?” ती म्हणाली, “घरी गेल्यावर.” घरी आल्यावर तिनं पदर खोचला, इंजिन चालू केलं आणि काट्यापाशी उभी राहिली. हा अर्धा तास आज एकदाचा संपवायचा, म्हणजे त्याच्या तोंडात बोलायला काही उरणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

टायरवाला चहाचा पेला घेऊन आला आणि ऐटीत जाळीसमोर उभा राहिला. जरा वेळानं तोंड वाकडं करून बाजूला झाला.

“वहिनी, तुमची गाडी माझ्यावर का फुंकतेय? काय वाईट केलंय मी तिचं?”

“काय?”

“ही भट्टी बघा की. सगळी गरम हवा पुढे. दाढी जळली माझी.”

ती पुढे गेली. जाळीसमोर हात धरला. गरम हवा तळहातावर आली. शेजारचा कागद उचलून धरला, तो उलटा उडून तिच्याच छातीवर बसला. पंखा हवा ओढत नव्हता, इंजिनाची आग पुन्हा जाळीतून बाहेर ढकलत होता. म्हणजे पाती उलटी फिरत होती. म्हणजे वायरी उलट्या होत्या.

“भाऊजी,” ती म्हणाली, “तुमचा चहा निवतोय. दुकानात जाऊन प्या.”

टायरवाल्यानं एकदा वस्तादकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मुकाट गेला.

तिनं इंजिन बंद केलं. वाकून वायरींचा जोड शोधला. टेप ती नेहमी गुंडाळून टोक दाबून टाकायची. इथे टोक दुमडून छोटीशी शेपटी सोडलेली होती. पुढच्या माणसाला उलगडताना नखं मोडू नयेत म्हणून तशी शेपटी ठेवणारा माणूस त्या गल्लीत एकच होता. खोटं काम करतानासुद्धा त्याच्या हातून वाईट काम झालं नव्हतं.

शेपटी धरून तिनं टेप सोडली, वायरी बदलल्या. दोन मिनिटांचं काम. इंजिन चालू केलं, घड्याळ पाहिलं आणि उलट्या डब्यावर बसली.

दहा मिनिटं गेली. काटा मधे येऊन थांबला.

“कधी केलंत?”

“पहिल्याच दिवशी. तू औषधं आणायला गेलीस तेव्हा.”

“त्या पायावर उभं राहून.”

“एका हातानं चॅसिस धरलं होतं.”

“मी दोन्ही हेड उतरवले. चार दिवस.”

“छान उतरवलेस. एक बोल्ट नाही मोडलास.”

“कौतुक नकोय मला. का केलंत?”

“कागद चिकटला ना जाळीला, तेव्हाच कळलं बघ. म्हटलं, झालं. आता हिला थांबायला काही कारण उरलं नाही. रोज सकाळी वाटायचं, आज सांगून टाकू. मग तू पाना मागायचीस. बरं चाललं होतं.”

“बरं?”

“मला बरं चाललं होतं.”

तिला वाटलं उठून ती खुर्ची उलटी करावी. ती बसून राहिली. वीस मिनिटं. पंचवीस. काटा हलला नाही. इतकं शांत, इतकं सुरेख ते इंजिन कधीच चाललं नव्हतं.

तिसाव्या मिनिटाला वस्ताद कुबडी घेऊन उठला. ती मदतीला गेली नाही. तो गाडीत शिरला, बसला, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि डावा पाय क्लचवर टेकवला. पाय घसरला. त्यानं पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी त्यानं खाली वाकून पाहिलं, आपला पाय नेमका आहे कुठे ते. हातानं पट्टी उचलून पाय पेडलवर ठेवला आणि दाबला. मांडी ताठ झाली, पेडल खाली गेलं नाही. पायाखाली काही आहे हेच त्याला कळत नव्हतं. आठ दिवसांपूर्वी तो याच पायावर उभा राहिला होता.

त्यानं पाय हळूच बाजूला घेतला.

“मघापासून विचारतोय तुला,” तो म्हणाला. नजर समोरच्या फाटकावर. “सकाळी बाहेर नेऊन काय म्हणाल्या त्या? अजून अर्धं पाऊलच ना?”

तिनं चिंध्या घेऊन हात पुसले. एकेक बोट पुसलं. चिंध्या बाकावर ठेवल्या.

“अगं, अर्धं पाऊलच ना?”

चालत्या इंजिनाला वळसा घालून ती फाटकातून बाहेर पडली.