महारुद्रची लांबची लेन्स

मानवतच्या बाजारात 'भक्ती फोटो स्टुडिओ' अशी पाटी आहे. भक्ती म्हणजे महारुद्रची एकुलती एक लेक. ती पाळण्यात होती तेव्हा त्यानं राणीसावरगाव सोडलं, इथं गाळा घेतला आणि लेकीच्या नावाची पाटी लावली. आज लेक हैदराबादेत आहे आणि बाप तिचं नाव तोंडातून काढत नाही. पाटी मात्र तशीच आहे. कुणी विचारलंच तर म्हणतो, "धंद्याचं नाव हाय, लोकांच्या तोंडात बसलंय." आता याला काय म्हणावं? लग्नसराईत निम्मा तालुका फोनवर विचारतो, "भक्ती का?" आणि हा गडी निमूटपणे म्हणतो, "हो, बोला."

महारुद्रला ज्यानं लग्नात पाहिलंय त्याला त्याचा स्वभाव सांगायला नको. बाकीचे फोटोवाले नवरदेवाच्या नाकाशी कॅमेरा नेतात, भटजीला सरकवतात, पाहुण्यांना "इकडं बघा, इकडं बघा" करून जीव नकोसा करतात. हा आपला मांडवाच्या कडेला खांबाला टेकून उभा. हातात ती लांबलचक सत्तर-दोनशे लेन्स. धंद्यातले लोक तिला तोफ म्हणतात. पार मांडवाच्या दुसऱ्या टोकाचं माणूस तिच्यातून हाताशी आल्यासारखं दिसतं. पाठवणीच्या वेळी मुलीचा बाप कुठंतरी पाण्याच्या टाकीमागं जाऊन डोळे पुसत असतो. तो कुणाला दिसत नाही, महारुद्रला दिसतो. असे फोटो त्यानं ढिगानं काढले. स्वतःच्या लेकीची पाठवणी करायचं मात्र त्याच्या नशिबात नव्हतं.

झालं असं की भक्ती बारावीनंतर स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर बसायला लागली. बाप फोटो काढायचा, ही अल्बम जमवायची. छापायला ते हैदराबादच्या एका लॅबकडं जायचे. तिथला हरिओम नावाचा पोरगा पानं तपासायचा आणि फोन करायचा, "ताई, चौथ्या पानावर नवरीचं डोकं कटायलंय." त्या ताईची भक्ती कधी झाली ते बापाला कळलंच नाही. कळलं तेव्हा दोघांनी तिकडं कोर्टात लग्न करून टाकलं होतं. पोरगा परजातीतला. भावकीतल्या लोकांनी काय काय ऐकवलं ते मी सांगत बसत नाही, त्यांना दुसरं कामच काय असतं. महारुद्रनं डोक्यात राख घालून घेतली. लेकीचा फोन स्टुडिओत आला तेव्हा "पप्पा" एवढं ऐकून त्यानं तो ठेवून दिला. पुन्हा आला, पुन्हा ठेवला. मग तिचे फोन यायचे थांबले, आणि हा शहाणा त्या दिवसापासून फोनकडं बघत बसायला लागला.

त्याची बायको नर्मदाबाई आधी भांडली, मग रडली, मग मूग गिळून बसली. तिच्याकडं साधा बटणांचा फोन, तोही नंतर घेतलेला, त्यात लेकीचा नंबर नाही. मागायचा कुणाकडं? नवऱ्याकडं मागण्यापेक्षा विहिरीला विचारलेलं बरं. अशी पाच-सहा वर्षं गेली.

यंदा थंडीत जिल्ह्यातल्या फोटोग्राफर मंडळींनी हैदराबादची सहल ठरवली. चारमिनार, लाडबाजार, दिवसभर पायी हिंडायचं, शहराचे फोटो काढायचे आणि रात्रीच्या गाडीनं माघारी यायचं. महारुद्र कधी सहलीला गेलेला माणूस नव्हे. यंदा मात्र सगळ्यांच्या आधी त्याचं नाव. जिंतूरचा आश्रुबा, त्याचा जुना दोस्त, समजायचं ते समजला. मागच्या साली अल्बम आणायला आश्रुबा त्या लॅबमध्ये गेला होता आणि येऊन एवढंच बोलला होता, "भक्ती दिसली बरं का. तिथंच कामाला हाय, काचंपाशी बसती." महारुद्रनं विषय बदलला होता. लय वेळानं, चहा संपल्यावर, त्यानं हळूच विचारलं होतं, "वाळली का रे?"

निघायच्या दिवशी दुपारी आश्रुबा स्टुडिओत आला, तेव्हा टेबलावर तीन लेन्सा मांडलेल्या होत्या. एक वाइड, एक फिफ्टी आणि तिसरी ती तोफ. पायी हिंडायचं म्हणून प्रत्येकानं दोनच घ्यायच्या असं ठरलं होतं. महारुद्र फडक्यानं तोफेची काच पुसत होता.

"ती कशाला?" आश्रुबा म्हणाला. "चारमिनारपाशी पाय ठेवायला जागा नसती. ह्या बांबूनं तुला काय दिसणार? मिनाराची एक वीट. वाइड घे, म्हंजी आख्खा चारमिनार बसंल. फिफ्टी घे, बांगड्यावाल्याचं त्वांड चांगलं येईल. झालं."

"मिनारावरची नक्षी टिपायची हाय मला."

"नक्षी." आश्रुबानं त्याच्याकडं बघितलं. "आन् दिवसभर ते धोंडं गळ्यात घालून हिंडणार? मान धरंल, लेका. शिवाय शहरातल्या माणसाला एवढी लांब लेन्स बघून शंका येती. कुणावर रोखलीय म्हणून विचारतेत."

"विचारू दे."

"फिफ्टी घे, महारुद्र. फिफ्टीनं काढायचं तर माणसापाशी जावं लागतं, दोन शब्द बोलावं लागतंय."

हे ऐकलं आणि महारुद्रनं फिफ्टी उचलून कपाटात ठेवून दिली. आश्रुबानं कपाळाला हात लावला आणि चहा सांगायला बाहेर गेला.

आतल्या दारात नर्मदाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. लेन्समधलं तिला काही कळत नसेल, पण लग्नं आटोपून आलेल्या नवऱ्याच्या बॅगा वर्षानुवर्षं तिनंच उतरवून घेतल्या होत्या. लांबचं टिपायला कोणती लागते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"तिच्याकडं जाणार हाव का?" तिनं विचारलं.

"चारमिनार बघायला चाललोय."

"बोलू नका. तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई ते. पर तिचा एक फोटो तरी आणा. एवढ्या वर्सांत म्या लेकीचं तोंड बघितलं न्हाई." तिनं पदर तोंडाला लावला. महारुद्र खाली मान घालून बॅगेचे बंद आवळत राहिला. पण त्यानं नाही म्हटलं नाही, आणि नर्मदाबाईला तेवढं पुरलं.

सकाळी सगळे हैदराबादेत काचीगुडा स्टेशनात उतरले. चारमिनारपाशी महारुद्रची गत आश्रुबानं सांगितली तशीच झाली. कुठंही बघावं तर लेन्समध्ये कुणाचा तरी कान नाहीतर कबुतराचा पंख. सहलीतली तरणी पोरं हसायला लागली. "काका, तोफंनं गोळकोंडा घ्यायचा का काय?" एकानं विचारलं. महारुद्रनं वाइड लावून दोन-चार फोटो ओढले, पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जेवायच्या वेळी त्यानं आश्रुबाला म्हटलं, "जरा येतो," आणि रिक्षा पकडली. कुठं, ते आश्रुबानं विचारलं नाही.

कोठीच्या बाजारात ती लॅब एका अरुंद रस्त्यावर होती. महारुद्र समोरच्या चहाच्या गाड्याआड उभा राहिला, तोफ कॅमेऱ्यावर चढवली आणि डोळ्याला लावली. काचेमागं भक्ती बसली होती. वाळली नव्हती, उलट जरा भरली होती. केस आखूड केले होते. चष्मा लागला होता. कॉम्प्युटरकडं बघताना खालचा ओठ दातात धरायची सवय तशीच. महारुद्र एकामागून एक फोटो काढत सुटला. ओठ दातात धरलेला, मान वळवलेली, कुणाशी तरी बोलताना हात उडवणारी. आपली पोरगी एवढी जवळ दिसत होती की त्याला श्वास घ्यायचंही भान राहिलं नाही. एवढं पुरे, आता निघावं, असं त्याला वाटत होतं आणि पाय काही निघत नव्हता.

"किसका फोटू निकाल रै चचा?" चहावाल्यानं विचारलं. आवाजात संशय होता.

"बोर्डाचा," महारुद्र म्हणाला. "हमारा फोटो का धंदा है."

चहावाला दोन कप घेऊन लॅबमध्ये गेला. आत त्यानं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण भक्ती उठून दारात आली आणि सरळ गाड्याकडं बघायला लागली. महारुद्रला लपायला जागा नव्हती. खरं तर त्याला लपावंसंही वाटलं नाही. त्यानं कॅमेरा डोळ्याचा काढला नाही, एवढंच. तोंडापुढं कॅमेरा असला की त्याला धीर यायचा, उभी हयात तशीच गेली होती.

तिनं ओळखलं. ती पायरी उतरली. एक स्कूटर जाऊ दिली आणि रस्ता ओलांडायला लागली. महारुद्र लेन्समधून बघत होता. लेकीचा चेहरा मोठा होत चालला, मग त्याहून मोठा झाला, आणि या लेन्सचा नियम असा की माणूस चार-पाच हातांच्या आत आलं की चित्र धरतच नाही. भक्तीचा चेहरा पुसट झाला. बोटानं बटण दाबलं. तरीही धरेना, म्हणून महारुद्र एक पाऊल मागं सरला. मग अजून एक. तीस वर्षांत हजारदा सरला असेल, पायांना ते सांगावं लागत नव्हतं.

भक्ती जागेवर थांबली.

"बरं, पप्पा," ती म्हणाली आणि वळली. महारुद्रनं कॅमेरा खाली घेईपर्यंत ती रस्त्याच्या पलीकडं पोचली होती. मधे एक टेम्पो आला. तो गेला तेव्हा काचेमागची खुर्ची रिकामी होती.

"बेटी हैना तुम्हारी? सूरत मिलती," चहावाला म्हणाला. "रोते अंदर गई. क्या बोले तुम उसकू?"

"कुछ नै बोला," महारुद्र म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

परतीच्या गाडीत आश्रुबानं डबा उघडला, पुढं केला, हा खिडकीकडं तोंड करून बसला. मनात एकच चालू होतं. आली कशाला मग? भर रस्त्यात एवढी चालत आली, आणि अगदी जवळ येऊन बापाला पाठ दाखवली. गाडी परभणीकडं सरकेल तसा त्याचा जुना राग वर यायला लागला. आपण गेलो हेच चुकलं, असं त्यानं स्वतःला बजावलं, आणि पुन्हा पुन्हा तेच बजावत राहिला, कारण ते नीट पटत नव्हतं.

घरी आला तर नर्मदाबाई दारातच. पाणीसुद्धा न विचारता तिनं विचारलं, "दिसली?"

त्यानं कॅमेरा उघडून तिच्या हातात दिला. नर्मदाबाई चुलीपुढच्या पाटावर बसली आणि एकेक फोटो बघायला लागली. चष्मा बघून हळहळली, केस बघून हसली, अंगठ्यानं पडद्यावर लेकीचा गाल पुसल्यासारखं केलं. शेवटचा फोटो आला.

"तो सोड," महारुद्र म्हणाला. "खराब आलाय, हलला. पुसून टाकायचा हाय."

"थांबा की वो." तिनं पडदा डोळ्यांजवळ नेला. "हसायलीय ही."

महारुद्र वाकून बघायला लागला. सगळं पुसट होतं, डोळे नव्हते, नाक नव्हतं. पण दातांची पांढरी ओळ होती आणि दोन्ही हात पुढं आलेले होते. याबद्दल वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पोरगी हसत, हात पसरून येत होती.

"मग माघारी का गेली?" नर्मदाबाईनं विचारलं. "काय म्हणलाव तुमी?"

"काही न्हाई. तुझी शपथ. मी नुसता उभा व्हतो, तिनंच तोंड फिरवलं."

"कसे उभे व्हताव? दावा."

"आता काय दावू?"

"दावा म्हणते ना."

त्यानं कॅमेरा घेतला, डोळ्याला लावला आणि भिंतीपाशी उभा राहिला. नर्मदाबाई दारापर्यंत गेली आणि तिथून त्याच्याकडं चालत यायला लागली. लेक आली असेल तसे तिनं हात पुढं केले. तिचा चेहरा लेन्समध्ये मोठा झाला, आणखी मोठा झाला, मग पुसट झाला. महारुद्रचे पाय मागं सरले आणि पाठ भिंतीला लागली.

नर्मदाबाई जिथल्या तिथं थांबली. तिचे हात खाली आले.

महारुद्रनं कॅमेरा डोळ्याचा काढला. लेकीला समोरून काय दिसलं असेल, ते आता त्याला कळलं होतं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"चित्र धरत नव्हतं गं," तो म्हणाला. "लय जवळ आली की ह्या लेन्समधून दिसतच न्हाई. म्हणून मागं झालो. तिला ठावं हाय हे, स्टुडिओतच वाढलीय ती. तिला कळलं असंल."

"कळलं असतं तर रडत गेली असती का?"

ती रडत गेली हे त्यानं तिला सांगितलेलं नव्हतं. पण आईला ते सांगायला लागत नाही. महारुद्रनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो मोठ्यानं रडायला लागला. नर्मदाबाई त्याच्यापाशी गेली नाही. पाटावर बसून ती तो पुसट फोटो बघत राहिली.