शाहीनाच्या बेसमेंटमधला ओप्पना

मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये बर्फामुळे अर्धं वर्ष माणसं घरातच कोंडलेली. त्यामुळे आमचे सगळे किस्से बेसमेंटमध्ये साठतात, आणि शाहीनाच्या बेसमेंटमध्ये तर आता जागाच उरली नाही!

शाहीना माझी ऑफिसातली मैत्रीण. माहेर कोझिकोडचं, शिक्षण पुण्यातलं, त्यामुळे मराठी फाडफाड. तिच्या लेकीच्या, निदाच्या लग्नात ओप्पना करायचं ठरलं. म्हणजे नवरीला मधोमध बसवायचं आणि बायकांनी टाळ्या वाजवत, गात तिच्याभोवती फिरायचं. बायका कमी पडल्या म्हणून मलाही धरलं. मुख्य गाणार होत्या शाहीनाच्या आई. त्यांना सगळे उम्मा म्हणतात.

*

पहिल्याच प्रॅक्टिसला उम्मांनी गाणं थांबवून माझ्याकडे बोट दाखवलं. माझी टाळी आरतीची पडत होती!

शाहीना म्हणाली, “बाई, इथे प्रसाद नाहीये, बिर्याणी आहे!”

*

गाणं संपेपर्यंत नवरीने मान खाली घालून बसायचं, उठायचं नाही. निदा बसली अगदी शहाण्यासारखी, पण ओढणीखाली इयरबड! ऐन कडव्यात तिचा आवाज आला, “येस, आय कॅन सी युअर स्क्रीन.”

उम्मांनी तिचा फोन तांदळाच्या डब्यात टाकला.

*

पुढच्या प्रॅक्टिसला उम्मा मध्येच थांबल्या. “नवरी कोण?” त्यांनी विचारलं. आम्ही हसलो. शाहीना हसली नाही. गाडी गरम करते म्हणून बाहेर गेली. मी मागोमाग गेले, तर स्टिअरिंग घट्ट धरून बसलेली.

“डॉक्टर म्हणतात, उम्माचं हे विसरणं वाढतच जाणार. पण तिला गायचंय गं! सगळ्यांसमोर अडकली तर?”

मग आम्ही उम्मांचं गाणं रेकॉर्ड करून ठेवलं. त्या अडकल्या, की मी प्ले दाबायचं.

*

लग्नाच्या दिवशी मला नाचातून काढून स्पीकरपाशी उभं केलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात नवरीचं नाव घेतात. उम्मांनी घेतलं, “शाहीना!”

टाळ्या चुकल्या. उम्मा गोंधळून एकेकीकडे बघायला लागल्या. शाहीनाने मला खूण केली, दाब! मी अंगठा बटणावर नेला.

तेवढ्यात निदा उठली. नवरी, भर गाण्यात! तिने शाहीनाला हाताला धरून आपल्या खुर्चीवर बसवलं, आपली ओढणी तिच्या डोक्यावर घातली आणि स्वतः बायकांच्यात शिरून टाळी धरली.

शाहीनाने मान खाली घातली.

उम्मांनी पुढचं कडवं उचललं.