खंडेनवमीची सर्व्हिसिंग

आमच्या जुईनगरच्या घरातला एमसीबीचा डबा दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी गुणगुणायला लागला. सूर वाईट नव्हता. अडचण एवढीच, की हा डबा आमच्या मृणालच्या टेबलाच्या बरोबर वर आहे आणि त्याच दिवशी दुपारी चारला त्याच टेबलावरून तिची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. सातवी. आधीच्या सहांबद्दल घरात बोलायचं नाही, असा नियम आहे.

"पप्पा, इलेक्ट्रिशियनला फोन करू?" तिनं सकाळी दहालाच विचारलं.

"मी काय मेलोय का?" मी म्हणालो.

(हे वाक्य माझ्या तोंडून निघालं की आमची सुरेखा कपाळाला हात लावते. लग्नापासूनची सवय आहे तिची.)

मी स्टुलावर चढलो, डब्याला कान लावला. गुंऽऽऽ. "कुंभारीण माशी आहे," मी निदान केलं. "आत घर बांधलंय तिनं." सुरेखानं खालून टॉर्च मारला. माशी नव्हती. मग मी फ्रिज बंद केला. गुंऽऽऽ. टीव्ही बंद केला, पंखे बंद केले, वायफायचं बटण बंद केलं. मृणाल मैत्रिणीबरोबर मुलाखतीची तालीम करत होती, ती अर्ध्यात तुटली आणि आतून "पप्पाऽऽ!" असा आवाज आला. डब्याचा आवाज त्याखाली चालूच होता. एसी तेवढा मी ठेवला. ऑक्टोबरचं ऊन, त्यात स्टुलावर उभं राहून माणूस घामाघूम होतो.

"आरं, तुझ्याच कानात वाजत नसंल ना?" आईनं सोफ्यावरून विचारलं. टीव्ही बंद केल्यामुळं तिची मालिका बुडाली होती.

तिला बघून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करतो: विळी, कोयता, माझी स्कूटर. यंदा मी एमसीबीच्या डब्यालाही हळदकुंकू लावलं होतं. सगळं घर ज्याच्यावर चालतं त्याला वगळायचं कसं? आणि डब्याच्या झाकणाला फटी आहेत.

"आई, तुझ्या अक्षता आत गेल्यात."

"अक्षता म्या दिल्या. टाकल्या कुणी?"

मी मेन बंद केला, झाकण काढलं आणि सुरेखाच्या केसांच्या पिनेनं तांदळाचे अकरा दाणे बाहेर काढले. मोजून. झाकण लावलं, मेन चालू केला. घर शांत. मी स्टुलावरून असा उतरलो, की कुणीतरी ओवाळायला हवं होतं. निदान चहा तरी ठेवा, म्हटलं.

मेनबरोबर बंद पडलेला एसी चहा उकळेपर्यंत मृणालनं परत लावला. गुंऽऽऽ. आता त्यात प्लास्टिक तापल्याचा वासही होता.

मृणालनं एसी लगेच बंद केला. आवाज थांबला. ती वहीत काहीतरी लिहून म्हणाली, "एसी लावला की वाजतं, बंद केला की थांबतं. बाकी कशाचा काही संबंध नाही. दसऱ्याच्या आधी असं नव्हतं. मधे काय बदललं?" आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि चहात बिस्कीट बुडवलं. ते बुडालं ते वर आलंच नाही.

दोन वाजता सुरेखानं मला न विचारता घणसोली गावातल्या बळीराम इलेक्ट्रिशियनला फोन लावला. तो सव्वातीनला आला. तोवर मृणालची नखं कुरतडून संपली होती. बळीरामनं मेन बंद केला, झाकण उघडलं आणि एकेक स्क्रू तपासला.

"वयनी, घरान ल्हान पोर हाय का?" त्यानं विचारलं.

"लहान नाही," सुरेखा म्हणाली. "का?"

"वरचे सगले स्क्रू टाईट हायेत. खालचे सगले ढिले. एसीची वायर तं नुसती टेकवून ठेवलेली हाय. तीच तापतंय, म्हनून ह्यो आवाज. आग लागली असती."

सगळे माझ्याकडं वळले. मग सांगावंच लागलं. पूजेच्या आधी, चांगल्या मनानं, मेन बंद करून (एवढी अक्कल होती), मी डब्याची सर्व्हिसिंग केली होती. वरचे स्क्रू उजवीकडं पिळून घट्ट केले. खालचे स्क्रू खालच्या बाजूला असल्यामुळं ते डावीकडं पिळायचे, असा माझा हिशोब.

  बळीरामनं वायरचं जळकं टोक कापलं, नवा एमसीबी बसवला आणि सगळे स्क्रू एकाच दिशेनं आवळले. चारला दहा मिनिटं कमी असताना एसी लागला. चिडीचूप.

मुलाखतीच्या वेळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात. मी उठू नये म्हणून आईनं माझा सदरा धरून ठेवला होता. दाराआडून ऐकू आलं: हल्ली एखादी अडचण तुम्ही कशी सोडवली, ते सांगा.

मृणालनं आमचा डबा सांगितला. काय चालू होतं, काय बंद होतं, सगळं ओळीनं. "पण खरा प्रश्न वेगळा होता," ती म्हणाली. "बिघडण्याआधी शेवटचा हात कुणी लावला?"

"आणि यातलं अवघड काय होतं?"

"वडिलांना कबूल करायला लावणं."

लॅपटॉपमधून हसण्याचा मोठा आवाज आला. आठवड्याभरात नोकरीचं पत्रही आलं. मला खरंच रडू आलं. नोकरीचं श्रेय कुणाला, यावर मी घरात बोलत नाही.

आमच्याकडं पूजेला मांडलेलं हत्यार पूजा उतरवल्याशिवाय वापरत नाहीत. मुलाखतीच्या संध्याकाळीच आईनं माझा टेस्टर आणि स्क्रू ड्रायव्हर हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवले.

"आई, दसरा झाला की."

"म्हाईत हाय. ह्यांची पूजा ऱ्हायली हुती."

"उतरवणार कधी?"

"बघू."

दिवाळी झाली, संक्रांत झाली. रोज सकाळी आंघोळ करून मी माझ्याच स्क्रू ड्रायव्हरला फूल वाहतो आणि लांबूनच नमस्कार करतो.