शनिवारचा चहा

संस्थान विलीन झालं आणि जव्हारात बाहेरगावचे नोकरदार येऊन पडले. आम्हीही त्यातलेच. माझे यजमान कचेरीत कारकून. संस्थानच्या जुन्या पागेत कुडाच्या भिंती घालून सरकारने खोल्या पाडल्या होत्या, त्यातली एक आम्हाला मिळाली. पलीकडच्या खोलीत दवाखान्याचे कंपाउंडर आणि त्यांची म्हातारी आई. ती मंडळी अलिबागकडची बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. समोर वसईची नर्सबाई, कॅथलिक. कोपऱ्यात नगरचे मास्तर, प्रॉटेस्टंट. बाजाराला येणारे पाड्यांवरचे लोक या सगळ्यांना सरसकट किरिस्ताव म्हणत. कंपाउंडरांच्या आईला, म्हणजे आमच्या मावशींना, त्याचा भयंकर राग येई.

नर्सबाई आणि मास्तर यांचं एकमेकांशी बरं चाले, फक्त देवाचा विषय निघेपर्यंत. मास्तर रविवारी एकटेच मोठ्याने गात. ते सुरू झाले की नर्सबाई दार लावून जपमाळ घेऊन बसे, कारण दुसऱ्यांच्या प्रार्थनेला जायला तिला तिच्या चर्चची मनाई होती. "अहो, ख्रिस्त एकच ना तुमचा?" असं मी म्हटलं की दोघंही माझ्यावरच उलटत. मी हसायची, पण बेताने. मुलगी ब्राह्मणच, पण देशस्थांची, एवढ्या कारणावरून माझ्या काकांनी चुलतभावाचं ठरलेलं लग्न मोडलं होतं.

शनिवार हा यहुद्यांचा विश्रांतीचा पवित्र वार, म्हणून मावशी त्या दिवशी विस्तव पेटवत नसत. दुसऱ्याला पेटव म्हणून सांगायचं नाही, असाही नियम. म्हणून सकाळी त्यांनी भिंतीवर टकटक करायची, मी काय ते समजायचं आणि जाऊन त्यांचा स्टोव्ह पेटवून चहा टाकायचा. त्यात त्यांनी मला काही सांगितलं असं होत नसे. मुलगा मात्र शनिवारीही बिडी ओढत कामावर जाई. "त्याचा शनवार सरकारानं नेला गो," त्या म्हणत. रोज संध्याकाळी डोळ्यांवर हात धरून त्या हिब्रूतली एक ओळ म्हणत. कुडाची भिंत ती, काही लपत नसे. ऐकून ऐकून मलाही ती ओळ पाठ झाली होती, अर्थ मात्र विचारला नव्हता.

एका श्रावणात कंपाउंडर देवीच्या लशी टोचायला नदीपलीकडे पोशेऱ्याकडे गेले आणि इकडे मावशी तापाने पडल्या. शुक्रवारी सकाळी श्वास लागला. नर्सबाईने मला बाहेर नेऊन सांगितलं, आजचा दिवस निघणार नाही. मुलाला आणायला पाठवलेला गडी दुपारी भिजून परत आला. "नदी लय भरलीय बाय, पार नाय होत."

मावशींना मरणाची भीती नव्हती. त्यांचा जीव अडकला होता वेगळ्याच गोष्टीत. "जाताना कानात म्हणाय लागतं गो," त्या कशाबशा बोलल्या. "तो नाय. कोण म्हणंल?"

मास्तर आपलं पुस्तक घेऊन धावत आले. नर्सबाई चमच्यात पाणी घेऊन उशाशी होतीच. मास्तरांनी तिचा हात धरला. "पाणी तोंडात घाला. कपाळावर नाही."

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बाळंतपणात एखादं मूल हाती लागत नाही असं दिसलं की ती गुपचूप त्याच्या कपाळावर पाणी घालून त्याला बाप्तिस्मा द्यायची. तिच्या धर्मात ते पुण्यच. ती भडकली. "मी हिच्या कोरड्या ओठांना पाणी लावते! आणि तुम्ही काय घेऊन आलात? मरताना हिला तुमच्यात ओढायला?" मास्तरांचाही आवाज चढला. मावशी घाबरून एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या.

माझं डोकंच फिरलं. "तुमच्या भांडणात त्या जातील!" मी ओरडले. चमचा हिसकावून मावशींचे ओठ ओले केले आणि विचारलं, "मावशी, काय म्हणायचं?"

त्यांना बोलवेना. त्यांनी हात उचलून डोळ्यांवर ठेवला.

मग मला कळलं. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि ती ओळ म्हटली. त्यांचे ओठ हलायला लागले. मी पुन्हा म्हटली. मागे मास्तर हळूच बोलले, "देव एकच आहे, असं आहे ते. आमच्याही पुस्तकात आहे." नर्सबाई म्हणाली, "आमच्याही." पुढच्या खेपेला ती दोघं माझ्यामागून मराठीत तेच म्हणत होती, एका सुरात. दिवेलागणीला मावशी गेल्या.

कंपाउंडर शनिवारी दुपारी पोचले. दारातच विचारलं, "कानात कुणी म्हटलं?" नर्सबाईने माझ्याकडे बोट केलं. ते चौकट धरून रडले. शनिवारी पुरत नाहीत म्हणून रविवारी माती दिली. मास्तर गायले नाहीत, नर्सबाईने जपमाळ घेतली नाही. दोघंही मातीला आली.

पुढच्या शनिवारी मी सवयीने लवकर उठले आणि भिंतीकडे बघून मला रडूच कोसळलं. पदराने डोळे पुसते आहे तोच भिंतीवर टकटक झाली.

मी गेले. कंपाउंडर प्रार्थनेची टोपी घालून जमिनीवर बसले होते. बिड्यांचा कट्टा आणि काडेपेटी बाहेर ओट्यावर ठेवलेली. मी काडेपेटी आत आणली, स्टोव्ह पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.