चालता सर्व्हर मी तीनदा पाडला

जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीची वेबसाइट मी सांभाळतो. वेबसाइट म्हणजे फार काही नाही. तालुक्यातालुक्यांतले दुकानदार तिच्यावर येतात, कुठल्या वाणाची किती पाकिटं हवीत ते भरतात आणि ‘नक्की करा’ दाबतात. जो आधी दाबेल त्याचा नंबर आधी. मागणीतलं वाण असलं की पहिल्या तासात खेळ खल्लास. वर्षभर तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि बुकिंगच्या त्या एका सकाळी अख्खा जिल्हा तिच्या दारात उभा असतो.

मागल्या हंगामात नेमकी त्याच सकाळी ती दोन तास बंद होती आणि मला पत्ताच नव्हता. मी कॅन्टीनमध्ये पोहे खात होतो. टेंभुर्णीच्या एका दुकानदाराने थेट मालकांना फोन लावला, मालकांनी मला.

“वेबसाइट बंद हाये म्हणं.”

“बघतो मी.”

“तू बघावं म्हणूनच तर तुला ठेवलंय. मंग टेंभुर्णीला आधी कसं कळलं?”

मालक उत्तरासाठी थांबलेच नाहीत. “पुढच्या बुकिंगच्या आत असं काही बसव, की बिघाड आधी आपल्याला कळंल. न्हाई तर हे काम पुण्याच्या कंपनीला देतो, अन् तू गोडाऊनला जा पाकिटं मोजायला.” ते गमतीत बोलत नव्हते. गोडाऊनला एक खुर्ची खरंच रिकामी होती.

म्हणून मी सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या साधनांची तुलना सुरू केली. तुलना हा माझा जुना छंद. काम टाळूनही कामात असल्यासारखं दिसायची याहून सभ्य रीत मला माहीत नाही. स्वतःचा मोबाइल घेताना मी पाच महिने तुलना केली होती. तोवर ते मॉडेल बाजारातून गेलं. इथे तीन साधनं निवडली आणि तिघांना महिनाभर चाचणीवर ठेवलं.

पहिलं फुकट. ऑफिसातल्याच एका जुन्या कॉम्प्युटरवर ते बसवायचं, आणि तिथून ते मुंबईतल्या कुठल्याशा थंडगार खोलीत असलेल्या आमच्या सर्व्हरची नाडी बघत राहणार. ग्राफ असे देखणे, की फ्रेम करून भिंतीला लावावेत. दुसरं परदेशी, डॉलरवालं. ते फारच काळजीवाहू निघालं. सर्व्हरची मेमरी सत्तर टक्के भरली, मेसेज. अडुसष्टवर आली, मेसेज. एक पान उघडायला अर्धा सेकंद जास्त लागला, मेसेज. बायको म्हणाली, “कोण एवढे मेसेज करून राह्यलंय?” मी म्हणालो, सर्व्हर. तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मी त्या साधनाचा आवाज बंद करून टाकला. तोंड बांधलेला पहारेकरी कितपत कामाचा, हा मुद्दा मी तुलनेत घेतला नाही.

तिसरं अगदीच साधं. ग्राफ नाहीत, रंग नाहीत. वेगवेगळ्या तीन शहरांतून ते आमच्या वेबसाइटला दर मिनिटाला एवढंच विचारायचं, आहेस का? तीनपैकी दोन शहरांना उत्तर मिळालं नाही, तरच ओरडायचं. एकट्याच्या बोलण्यावर ते विश्वास ठेवत नसे.

मी तक्ता केला. रकाने, गुण, शेरे, सगळं. तिसऱ्यापुढे लिहिलं, ‘सांगायला मिनिटभर उशीर लावतं. दिसायला गरीब.’ दहापैकी चार. पहिल्याला नऊ. त्या नऊपैकी तीन गुण नुसत्या रंगांचे होते, हे आज कबूल करायला हरकत नाही. मालकांनी तक्ता बाजूला सारला आणि एकच विचारलं, “मोठ्या टीव्हीवर दिसंल असं कोणतं?”

“पहिलं.”

“मंग तेच.”

हॉलमध्ये टीव्ही लागला. सगळं ठीक असलं की हिरवी पट्टी, बिघाड झाला की लाल पट्टी आणि घंटा. मालक पाहुण्यांना चहाच्या आधी टीव्ही दाखवू लागले. मीही त्याच्याखालून जाताना जरा छाती काढून जायचो.

बुकिंग उघडलं सकाळी दहाला. दहा वाजून बारा मिनिटांनी पट्टी लाल झाली आणि घंटा वाजायला लागली. हॉलमधल्या सगळ्या माना आधी टीव्हीकडे वळल्या, मग माझ्याकडे. मालक केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. मला गोडाऊनची खुर्ची स्पष्ट दिसायला लागली.

माझ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हर लागेना. मग मोबाइलचं नेट जोडलं, पटकन लागला. लागला म्हणजे तो जिवंत आहे, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण माझा सगळा जीव त्या लाल पट्टीत. मी सर्व्हर रिस्टार्ट केला. पट्टी लाल. पुन्हा केला. लालच. तिसऱ्यांदा केला, तेवढ्यात मोबाइल वाजला. मागल्या हंगामातले तेच टेंभुर्णीचे दुकानदार. वयाने मोठे, घरी उर्दू बोलणारे; ऑफिसात सगळेच त्यांना चाचा म्हणतात.

“बेटा, क्या चल रहा है तुम्हारा? मस्त चालू व्हती वेबसाइट. मी पाकिटं भरली, अन् बटन दाबायच्या टायमाला गायब! परत भरली, परत गायब. तीनदा झालं.”

“चालू होती? चाचा, इथं तर लाल दिसून राह्यलंय.”

“इथं म्हणजे कुठं?”

“टीव्हीवर. ऑफिसात.”

“तुमच्या ऑफिसात नेट हाये का, ते बघितलं?”

मी मान वळवली. कोपऱ्यातल्या इंटरनेटच्या डबीवर लाल दिवा लुकलुकत होता. बाहेर नालीसाठी खोदणाऱ्या जेसीबीची घरघर सकाळपासून चालू होती. ती मला आत्ता ऐकू आली. त्याने खिडकीतून येणारी वायर ओढली होती आणि ती डबीतून निसटली होती. म्हणजे ऑफिसात बसवलेल्या आमच्या पहारेकऱ्याला स्वतःलाच दिसेनासं झालं होतं, आणि सर्व्हर मेला म्हणून तो घंटा बडवत होता. त्याच्या शब्दावर मी धडधाकट सर्व्हरला तीनदा आडवा केला होता.

“आमच्याकडं लाईट गेली ना,” चाचा समजावून सांगू लागले, “की पैले मी भोकरदनला साडूला फोन लावतो. तिकडं हाये म्हणला, की समजायचं आपल्याच गावचा डीपी, ट्रान्सफॉर्मर गेला. तिकडं बी न्हाई, तर मंग लाईनच गेली. तू तर इंजिनिअर ना बेटा? इतनी सी बात…”

एवढीशी गोष्ट मीही घरी रोज करतो. पंखा थांबला की आधी खिडकीतून समोरच्याचा दिवा बघतो, मग फ्यूजला हात लावतो. आणि नेमकं हेच करणाऱ्या साधनाला मी दहापैकी चार दिले होते.

दोन बोटांनी मी वायर डबीत खुपसली. दिवा हिरवा झाला, टीव्हीवर पट्टी हिरवी झाली, घंटा थांबली. कोपऱ्यात मी काय केलं ते कुणी पाहिलं नाही. पट्टी सगळ्यांनी पाहिली.

“शाब्बास!” मालक दारातूनच गरजले. “याला म्हणतात माणूस. दहा मिनिटांत सर्व्हर उभा केला! पुण्यावाल्यांना जमलं असतं?”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी हसलो. टाळ्या वाजायला लागल्या की माणसाचं तोंड त्याला न विचारता हसतं.

फोन अजून कानालाच होता. “टाळ्या कायच्या वाजून राह्यल्या?” चाचांनी विचारलं. आणि मग हळू आवाजात म्हणाले, “बेटा, ते वाण संपलं दाखवतंय. मेरा नंबर गया. मी गावात जबान देऊन बसलो.”

मी गप्प राहिलो असतो तर माझी नोकरी पक्की होती. टीव्ही माझ्या बाजूने होता, मालक माझ्या बाजूने होते. पण चाचांच्या दुकानात ‘संपलं’ हा शब्द मी लावला होता. पाच मिनिटं पाणी पीत काढली आणि केबिनमध्ये गेलो.

“मालक, सर्व्हर पडलाच नव्हता.”

“मंग?”

“मी पाडला.”

“कितीदा?”

“तीनदा.”

मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “टाळ्या वाजायच्या आधी सांगता आलं न्हाई?”

“सांगणारच होतो. हसू आलं.”

सर्व्हरच्या नोंदींत पाकिटं भरून बटन दाबायचं राहिलेले अकरा दुकानदार निघाले, चाचा त्यातलेच. मालकांनी कंपनीसाठी राखलेल्या मालातून त्यांना त्यांच्या नंबराप्रमाणे पाकिटं दिली, आणि प्रत्येकाला मीच फोन करून खरं काय ते सांगायचं, असं फर्मावलं. मी अकरा वेळा ‘मी पाडला’ म्हणालो. बदनापूरचे एक गृहस्थ म्हणाले, “परत सांगा, स्पीकरवर टाकतो.”

संध्याकाळी निकाल लागला. वेबसाइट माझ्याकडेच राहिली; साधन मात्र तिसरं बसवायचं. आणि रिस्टार्टचा पासवर्ड डिस्पॅचच्या मॅडमकडे गेला. या बाई गाड्या भरून पाठवतात. सर्व्हर कशाशी खातात हे त्यांना माहीत नाही. मला रिस्टार्ट हवा असेल, तर त्यांच्या टेबलापाशी जाऊन त्यांना पटेल असं कारण द्यायचं.

परवा तिसरं साधन पुन्हा ओरडलं. मी धावत त्यांच्याकडे गेलो.

“बसा,” त्या म्हणाल्या, “काय झालंय ते मला कळंल असं सांगा.”

मी सांगायला लागलो. सर्व्हर म्हणजे गोडाऊन समजा, इथून सुरुवात केली. सांगता सांगता मलाच कळलं, की दुकानदारांनी चढवलेल्या, पैसे भरल्याच्या पावत्यांच्या फोटोंनी सर्व्हरमधली जागा भरली आहे. रिस्टार्टने काही होणार नाही, जुने फोटो हलवायला हवेत. मी तसाच उठलो.

“चहा घेऊन जा,” मॅडम गाडीच्या पावतीतून मान वर न काढता म्हणाल्या. “या महिन्यात पाचव्यांदा आलात. एकदाही पासवर्ड लागला न्हाई.”